फ्रीजचा ताप

लसींच्या फ्रीजच्या दाराला ती आधी तळहात लावायची, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा. मग थर्मामीटर बघायची. आमचा शिपाई विचारायचा, "सिस्टर, फ्रीजले ताप आला का?"

"हासा तुमी. पाह्यल्याशिवाय मी टोचत नाही."

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात ती नर्स होती; तिच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, शिकून नोकरीला लागलेली पहिली पोरगी. मी तिथला औषध निर्माता. फ्रीजचं तापमान दोन ते आठ अंशांत ठेवायचं आणि रोज दोनदा तक्त्यात लिहायचं, हे काम माझं. मी फार व्यवस्थित माणूस. अख्ख्या महिन्याचे आकडे एक तारखेलाच भरून टाकायचो. चार, पाच, चार. असे सुबक तक्ते तुम्हीही भिंतीवर पाहिले असतील.

एका गुरुवारी तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "भाऊ, शनिवारचं तापमान आजच आलं का?"

"आपला फ्रीज शिस्तीचा हाये," मी म्हणालो.

मग उन्हाळ्यात अडीच दिवस लाइट गेली. लसीकरणाच्या बुधवारी थर्मामीटर सतरा दाखवत होता आणि तक्ता चार. तिनं माझा चार खोडून सतरा लिहिला. लेकरं घेऊन आलेल्या बायांना म्हणाली, "आज नाही टोचत. लस खराब झाली." डॉक्टरसाहेब संतापले. त्यांचंही खरंच होतं. दोन ते आठमधला कोणताही आकडा लिहायची तिला पूर्ण मोकळीक होती. पुढच्या बुधवारी त्यांनी त्याच लसी दुसऱ्या नर्सच्या हातून लेकरांना टोचवल्या. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी विचारलंही नाही.

तिनं मात्र जिल्ह्याला तक्रार लिहिली. चौकशीला तीन साहेब आले. पंख्याखाली बसले, वांग्याची भाजी-भाकर जेवले, तृप्त झाले. मग मला विचारलं, सतरा की चार?

थर्मामीटर पाहिलेले आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "साहेब, पोडावरची पोरगी आहे. आकड्यांत गोंधळते."

औषधांच्या साठ्याची बेरीज मी दर महिन्याला तिच्याकडूनच तपासून घ्यायचो. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

तिची बदली दूर महागावच्या पलीकडे झाली. त्याआधी तिला थर्मामीटर वाचायच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ज्या एकटीनं तो वाचून खरं लिहिलं होतं, तिलाच. निघताना तिनं मला विचारलं, "भाऊ, तुमाले तं सतराच दिसलं होतं ना?"

मी साठ्याची वही चाळत राहिलो.

गेल्या बुधवारी सुनेनं माझी नात टोचायला आणली. मी उठून फ्रीजजवळ गेलो आणि दाराला तळहात लावला. शिपाई हसला. "काहून भाऊ, ताप आला का फ्रीजले?"

दार थंड होतं की माझा हात, कळेना. थर्मामीटर फुटून वर्ष झालं. नवा मागवायची कधी गरजच पडली नव्हती. तक्त्यावर चार लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. बाहेर बाकावर सून बाळाची मांडी मोकळी करून बसली होती.