चादर चालेल, गादी नको

म्हात्रे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती गच्चीवरून गच्चीवर. आम्ही नुकतेच पुण्याहून पनवेलजवळ सुकापूरला राहायला आलो होतो. उन्हाळा होता, मोबाइल 'दिवसभर ऊन' दाखवत होता, म्हणून मी निवांत कुरडया घालत बसले होते. शेजारच्या इमारतीवरून एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ ओरडले, "अहो वहिनी, आवरा ते! डोंगर दिसेनासा झालाय!" मी मोठ्या तोऱ्यात मोबाइल उंचावून दाखवला. ते म्हणाले, "त्यात गाव कुठलं आहे ते बघा." बघते तर काय, कोथरूड! पुण्याचं ऊन मी पनवेलच्या गच्चीवर वापरत होते. मी कपाळाला हात लावेपर्यंत सर आणि त्यांच्या सौ. जिना चढून आमच्याकडे हजर. अर्ध्या कुरडया तरी वाचल्या.

सरांनी पनवेलच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांनी आपणा सर्वांच्या मोबाइलवर रोज सकाळी हवामानाचा निरोप पाठवायला सुरुवात केली. वेधशाळेचा अंदाज, दोन-तीन ॲप, ढगांचे उपग्रहचित्र आणि शेवटी गच्चीवरून डोंगर, एवढे सगळे पाहून झाल्यावर त्यांचे एक वाक्य येते: "वाळत घालायला चादर चालेल, गादी नको." किंवा, "नातवंडांना बागेत न्या, पण लवकर." टक्केवारी नाही की नकाशे नाहीत. आणि अंदाज फसला, तर दुसऱ्या दिवशीच्या निरोपाची सुरुवात "काल चुकलो" अशी असते. आपल्यापैकी किती जण असे रोज उठून कबूल करतील? मी तर नाही बाई!

"सर, आज पाऊस आहे का?" असे कोणी विचारले की ते उलट विचारतात, "तुमचं काम काय आहे?" उलव्यात स्लॅब टाकणाऱ्याला एक उत्तर, सुकट वाळवणाऱ्या मावशींना दुसरे. नवख्या माणसाला वाटते, सर टाळताहेत. पण कामाचे नुकसान किती होईल हे कळल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत.

सर मला खऱ्या अर्थाने कळले ते यमुनाबाईंच्या मुलीच्या लग्नात. यमुनाबाई आमच्या इमारतीची झाडलोट करतात आणि डोंगराखालच्या वाडीत राहतात. मे संपत आला होता. लग्न अंगणात, चुली उघड्यावर, पंगत संध्याकाळी. एक ॲप ऊन दाखवत होते, दुसरे विजा. यमुनाबाईंनी सरांना गाठले. "सर, जेवान भिजलं तर दुसरं कुटून आनू? पावन्यांना उपाशी धाडलं, तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

सर म्हणाले, "संध्याकाळची खात्री मी देत नाही. पंगत दुपारी उरकता येईल?"

वरपक्ष वीटभट्टीवर काम करणारा. दुपारी यायचे म्हणजे सगळ्यांचा खाडा. यमुनाबाईंना हे बोलायची हिंमत होईना, तेव्हा सर स्वतः भट्टीवर गेले. काय बोलले कोण जाणे, पण मंडळी कुरकुरत का होईना, तयार झाली. लग्नाच्या सकाळी सर एक भलीमोठी ताडपत्री विकत घेऊन वाडीवर आले आणि त्यांनी स्वतः उभे राहून ती चुलींवर बांधून घेतली.

दुपारी पंगत झाली. आणि संध्याकाळी? टिपूससुद्धा नाही! आभाळ स्वच्छ. नवऱ्या मुलाचे मामा तावातावाने आले. "काय हो सर, तुमचा पाऊस कुटं हाय? आमचा खाडा फुकट पाडलात!"

सरांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलो. यमुनाबाईंना काही बोलू नका, ही माझी चूक." पाठवणी होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. येणारा-जाणारा चिडवत होता आणि सर हसत सगळे ऐकून घेत होते. मला मात्र भयंकर राग आला होता. इतके करून वर हे ऐकायचे!

मुलगी निघाली, तशा यमुनाबाई डोळे पुसत सरांपाशी आल्या. "नाय आला तर नाय आला, सर. आज सकालधरनं मी आबालाकडं येकदा पन बगितलं नाय. पोरीकडंच बगत व्हते."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्या दिवसापासून मी अंदाज खरा ठरला की खोटा, हे मोजणे सोडून दिले.

सर पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी गच्ची सुटलेली नाही. सत्कार शाळेच्या मैदानावर ठरल्याचे सांगायला आम्ही गेलो, तर त्यांनी सवयीने खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "खात्री देता येणार नाही हं." मागे उभ्या असलेल्या यमुनाबाई लगेच म्हणाल्या, "तुमी नका बगू वर. ताडपत्री हाय माज्याकडं."

सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा. पुढच्या दिवसांचा अंदाज सांगण्याइतके आम्ही हुशार नाही. आपले गुडघे, आपला जिना, आपले आजारपण, जे येईल त्याला आम्ही आहोत. आपण फक्त समोरच्या माणसांकडे बघा.