हैबतरावाची टाकी

माझ्या शेजारचा हैबतराव पेणहून पिकअप चालवायचा. खाणीवरच्या पोकलेनना तो जागेवर डिझेल नेऊन देई. कुठल्याही कामाला त्याने कधी ‘उद्या’ म्हटलं नाही. २००९ च्या मार्चात डोलवीजवळ मोठं काम मिळालं, तेव्हा पिकअपच्या हौद्यात बसवायची टाकी बघायला तो अष्टमी गावात निसीमच्या वर्कशॉपमध्ये गेला. बायको रंभा सोबत होती.

चारशे लिटरची टाकी तयार होती, पण आत आडवे पत्रे नव्हते.

निसीम म्हणाला, “टाकी अर्धी असली की वळणावर सगळं डिझेल एका अंगाला धावतं. गाडी कलंडेल. दोन दिवस दे, पत्रे मारून देतो.”

“काम उद्यापास्नं हाय. डिझेलला काय पाय फुटलेत?” हैबतराव हसला.

रंभा म्हणाली, “मग ती लहान घ्या. तिच्यात पत्रे हायत.”

“गप गो. दोन-दोन खेपा कोण मारील?”

त्याने मोठीच नेली. सहाव्या दिवशी वडखळच्या वळणावर पिकअप उलटली आणि हैबतराव टाकीखाली सापडून जागीच गेला.

दहाव्याला निसीम घरी आला. “वयनी, मी दोन दिवस मागितले होते.”

“व्हय, मागितले व्हते,” रंभा म्हणाली. “आन् त्याच दुपारी बसवून दिलीत.”