फुलात गेला की आउट

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी मेहुण्याच्या मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट रंगवून सांगितली आहे. कंपनीत साहेबांच्या निरोपसमारंभात साहेबांची नक्कल केली आहे, साहेब पहिल्या रांगेत बसलेले असताना. असल्या चुकांनी फार तर चार दिवस घरात अबोला होतो. पण वलवणला धरणाजवळच्या एका बंगल्यात बसून मी जे बोललो, त्याने एका पोराचं क्रिकेट संपायला आलं होतं.

परंदवडीत आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. नोकरीत असतानाच उभं केलं. शेजारी गायरानाचा तुकडा, तिथं पोरं टेनिस बॉलने खेळायची. बॉल छतावर पडला की प्लास्टिकचा पेपर फाटायचा आणि त्या भोकातून पाणी नेमकं फुलांवर. ओरडून झालं, बॉल जप्त करून झाले. शेवटी मी एक नियम काढला: पॉलिहाऊसवर बॉल गेला की आउट. पोरांनी त्याचं सुटसुटीत केलं, 'फुलात गेला'. पुढे गावात दहावी नापास झालेलाही फुलात जाऊ लागला आणि सोयरीक मोडली तरी तीही फुलात. भाषेला मी दिलेली देणगी ती एवढीच.

पॉलिहाऊस होतं बॅटिंग करणाऱ्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या लेग साइडला. त्यामुळे आमच्या गावची पोरं सगळं ऑफला मारायची. त्यातलाच एक आज भारताकडून खेळतो. त्याची आई आमच्याकडे फुलं तोडायला यायची, अजून येते. पोरगा टीव्हीवर दिसायला लागल्यावर मी तिला म्हणालो, "आता कशाला येतीस?" ती म्हणाली, "मग दिवसभर काय करू, भाऊ? टीव्ही पुसत बसू?"

त्याचा एक फटका जगभर गाजला. बॉल पायांवर आला की दुसरा कुणीही तो लेगला भिरकावेल. हा डावीकडे सरकून जागा करायचा आणि तोच बॉल उजवीकडे, कव्हरच्या डोक्यावरून मैदानाबाहेर. वर्षभरात हा संघाचा सलामीचा हुकमी खेळाडू झाला. इंग्रजीतून बोलणारे समालोचक म्हणायचे, हे धाडस कुठून येतं? मी टीव्हीसमोर बसून म्हणायचो, माझ्या पॉलिहाऊसमधून. आमची ही म्हणायची, "हळू बोला, समालोचकाला ऐकू जाईल."

ऐकू गेलंच. क्रिकेटवर व्हिडिओ करणारा एक तरुण लोणावळ्यात मुक्कामाला होता. त्याला 'गावाकडची माणसं' हवी होती. मी मुलीच्या लग्नातला कोट घातला आणि कोटावर हेल्मेट घालून स्कूटरने वलवणला गेलो. धरणावर धुकं असं बसलेलं की पाणी कुठे संपतं ते कळेना. बंगल्याच्या ओसरीत त्याने माझ्या कॉलरला माइक लावला. माणूस फार गोड. मध्ये बोलत नव्हता, नुसता मान हलवत होता. माझ्यासारख्याला याहून धोकादायक श्रोता नाही.

मी नियम सांगितला. फुलात जाणं सांगितलं. तो हसला, मी फुललो. मग त्याने विचारलं, "म्हणजे काका, तो लेगला मारतच नाही?"

"मारत नाही काय, त्याला मारताच येत नाही," मी म्हणालो. "त्या बाजूला सगळं मैदान मोकळं सोडा, तरी तो तिकडं मारायचा नाही."

तो हसायचा थांबला. वहीत काहीतरी लिहिलं, खाली रेघ ओढली. मी समजलो, वाक्य आवडलं.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मी सोमाटण्याच्या चौकात चहा प्यायला गेलो तर लोक सेल्फी मागायला लागले. त्याच आठवड्यात पाहुण्या संघाबरोबर तीन एकदिवसीय सामन्यांची मालिका सुरू झाली.

पहिला सामना मी ऐटीत बसून पाहायला घेतला. दुसऱ्या षटकात त्यांच्या कप्तानाने हात हलवला आणि लेगला उभा असलेला एकेक माणूस चालत ऑफला गेला. डावीकडे नुसतं गवत राहिलं. एवढं रिकामं मैदान मी टीव्हीवर कधी पाहिलं नव्हतं. बॉल पायांवर आला. पोरगा डावीकडे सरकला, बॉलही त्याच्या मागे सरकला. अडकलेल्या हातांनी त्याने तो उजवीकडे उचलला. तिथे पाच जण उभे होते. सात धावा.

दुसऱ्या सामन्यातही तेच. हात हलला, माणसं चालत गेली, गवत राहिलं. या वेळी पोरगा इतका सरकला की मागे उघडी पडलेली दांडी बॉल सरळ घेऊन गेला. चार धावा. पडद्यावर त्यांनी त्याच्या फटक्यांचा नकाशा दाखवला. उजवीकडे रेघांचा झाडू, डावीकडे काही नाही. त्या काही नाहीची लांबीरुंदी मला पाठ होती.

तिसऱ्यात गेला तर संघातून जाणार, हे पेपरवाले लिहीत होते, चौकातले बोलत होते. सेल्फी थांबल्या. पानाच्या टपरीवर कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं, "आबांनी पोराला फुलात घातला." मी वळून पाहिलं नाही. त्याची आई रोजच्यासारखी कामावर यायची, पण बोलायची नाही. पॉलिहाऊसमध्ये नुसता कटरचा आवाज यायचा. कट, कट. मी पाच मिनिटंसुद्धा आत थांबू शकत नव्हतो.

घरी मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं सगळं."

ही म्हणाली, "त्यांच्याकडं काय कॉम्प्युटर न्हाईत? त्यांना आज ना उद्या कळलंच असतं. पन तुमाला यातबी मोठेपना पायजे. आनि अवं, त्या मानसाला तुमी सगळं सांगितलं का?"

"सगळं म्हणजे?"

"म्हंजे पोरगं तिकडं का मारत न्हाई, ते."

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

तिसरा सामना आपल्याच मावळात, एक्सप्रेसवेच्या कडेच्या स्टेडियममध्ये होता. आदल्या दिवशी सकाळी पोरगा दोन तासांची सुट्टी काढून घरी आला. टोपी खाली ओढलेली, डोळ्यांखाली काळं. माझ्याकडे येऊन म्हणाला, "आबा, बॉल टाकता का पायावर?"

त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गायरानात आता कुणी खेळत नाही, गवत वाढलंय. आम्ही जागा मोकळी केली. मी टेनिस बॉल पायांवर टाकला. तो सरकला, उजवीकडे मारला. दुसरा, तिसरा, आठवा. वारा सुटला होता आणि पॉलिहाऊसचा सैल पेपर फडफडत होता. प्रत्येक बॉलला त्याची नजर आधी तिकडे जायची, मग बॉलकडे.

"अरे, मार की तिकडं," मी म्हणालो. "फाटू दे पेपर. मी नियम मोडला, जा."

"नियमाचं न्हाई, आबा."

"मग?"

त्याने बॅट टेकली. "आई आत हाय."

वलवणच्या ओसरीत मी जे गाळलं, ते हे. तो दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या एका फटक्याने पेपर टराटरा फाटला होता. मी पोराला काही बोललो नाही. आत गेलो आणि सगळ्या बायांसमोर त्याच्या आईला म्हणालो, "पोराला आवर, न्हाईतर उद्यापास्नं येऊ नकोस." ती ओंजळीत फुलं धरून उभी होती, मान खाली. पोरगा दारात होता. नियम मी दुसऱ्या दिवशी काढला. बाकीची पोरं तो कधीमधी मोडायची आणि हसत आउट व्हायची. हा कधीच नाही. मी गोष्ट सांगताना फक्त गंमत सांगितली होती, कारण गमतीत मी बरा दिसतो.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "पेपर आता चांगल्या कंपनीचा हाय." लाज वाटून मी बॉल पुसायला लागलो.

तेवढ्यात पॉलिहाऊसचं दार वाजलं. त्याची आई बाहेर आली, हातमोजे काढत. तिने सगळं ऐकलं होतं. पेपरातून आवाज आरपार जातो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. येऊन पोराच्या मागे, यष्टिरक्षकाच्या जागी उभी राहिली.

"आता मार," ती म्हणाली. "आत कोन न्हाई."

मी टाकला. बॉल नेमका हवा तिथे पडला. त्याने पाय रोवला आणि फिरवला. बॉल छत फाडून आत गेला, आत कुठेतरी बादलीवर आपटल्याचा आवाज आला. आणि पोराने बॅट काखेत मारली, मान खाली घातली आणि बांधाकडे चालायला लागला.

"कुटं चाललास?" आई म्हणाली.

तो थांबला. त्यालाच कळलं नव्हतं. हसू मात्र कुणाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सामना आम्ही गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात मोठ्या पडद्यावर पाहिला. मी मागच्या रांगेत बसलो, मुद्दाम. तिसऱ्या षटकात कप्तानाचा हात हलला. माणसं चालत गेली. डावीकडचं गवत रिकामं झालं आणि मला त्यावर आमचं पॉलिहाऊस उभं दिसलं, पत्र्याच्या दारासकट. अंगणात कुणी हलेना. बॉल पायांवर आला. पोरगा सरकला नाही. फटका डावीकडे गेला, उंच, आणि त्या मोकळ्या गवतावरून बाहेर पडला.

अंगण उठलं. माझी नजर पोरावरच होती. त्याने बॅट काखेत मारली आणि दोन पावलं तंबूकडे टाकली. समोरच्या जोडीदाराने हाक मारली तेव्हा तो थांबला, हातमोजे ठीक केल्यासारखं केलं आणि परत फिरला. समालोचक हसून पुढे गेले. पुढच्या रांगेत त्याच्या आईने पदर तोंडाला लावला होता.

मग कप्तानाला तीन माणसं परत लेगला न्यावी लागली, ऑफ मोकळं झालं आणि त्याने एक्क्याऐंशी केल्या. पुढच्या दौऱ्याच्या यादीत नाव आलं. पण त्या डावात त्याने डावीकडे आणखी पाच वेळा मारलं, आणि पाचही वेळा त्याचं एक पाऊल तंबूकडे पडलं. दोनाचं एक झालं होतं, एवढंच. बॉल सीमेबाहेर गेला तर ठीक. आत राहिला आणि समोरचा धाव घ्यायला निघालेला असला तर काय होईल, याचा विचार मी रोज करतो.

दोन दिवसांनी पॉलिहाऊसमध्ये मी शिडीवर चढून फाटक्या पेपराला पट्टी लावत असताना फोन वाजला. तोच गोड माणूस. "काका, अभिनंदन. एक विचारायचं होतं. फटका मारल्यावर तो जे पाऊल टाकतो, ते काय आहे?"

त्याच्यामागे कागद उलटल्याचा आवाज आला. माझी जीभ उत्तर घेऊन तयारच होती. इतकी चांगली गोष्ट, आणि सुरुवात कुठून करायची तेही सुचलेलं. शिडीखाली त्याची आई फुलं तोडत होती. कटर थांबलं.

"काका?"

"त्याचं बूट त्याला जरा मोठं होत्यात," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

खाली कटर पुन्हा सुरू झालं.