पाहुण्यांच्या समोरची भिंत

तुमच्या गावात पाहुण्यांच्या खुर्च्या कशाकडे तोंड करून मांडतात?

आमच्या वस्तीत त्या भिंतीकडे तोंड करून असतात. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान. जयंतीला विहारासमोर मंडप पडतो आणि स्टेज मुद्दाम अशा बाजूला बांधतात, की पाहुण्यांना समोर समाजमंदिराची लांब भिंत दिसावी. आम्ही भिंतीला पाठ करून खाली बसतो. दरवर्षी भिंतीला चुना मारून तिच्यावर एकच ओळ लिहितात, त्या वर्षाची मागणी. ती बैठकीत ठरते. भाषणं चालतील तेवढा वेळ पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना ती वाचत बसावं लागतं. वडिलांनी जमवलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, पण पत्रक घडी घालून खिशात टाकता येतं. भिंतीचं तसं नाही.

मागच्या जयंतीआधी एक चित्रकार बाई आल्या. मूळच्या श्रीलंकेच्या, राहायला युरोपात. मुंबईतल्या एका उद्योगपती घराण्याचं फाउंडेशन दक्षिण आशियातल्या आजच्या कलावंतांना पैसा देतं, परदेशी संग्रहालयांशी त्यांची गाठ घालून देतं. त्यातून आमची भिंत रंगवण्याचं हे काम निघालं होतं. दुभाषी मी. लंका म्हणजे बुद्धाला मानणारा देश, म्हणून बायका हरखल्या.

"मंग तुमी त आपल्यातल्याच, बाई," मोठी आई म्हणाली. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. भिंतीवरचं पहिलं अक्षर तीच काढते.

बाई हसल्या. त्या तमिळ, रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या.

"असू दे," मोठी आई माझ्याकडे वळून म्हणाली. "रंगाचा हात चांगला हाय का, इचार."

हात चांगला होता. त्या वर्षीची ओळ होती, 'नळ आले, पाणी कधी?' बाईंनी ओळीभोवती घागरी आखल्या आणि प्रत्येक घराला आपापली घागर रंगवायला लावली. साहेब सगळा वेळ त्या घागरींकडे बघत बसले. पावसाळ्याच्या आत नळाला पाणी आलं.

फाउंडेशन खूश झालं. भिंतीचं मोठं छायाचित्र परदेशातल्या प्रदर्शनात लागलं. त्यांची माणसं येऊन भिंतीला पारदर्शक लेप देऊन गेली, पाऊस लागू नये म्हणून वर पत्रे ठोकून गेली. आम्ही त्यांना चहा पाजला.

मग या हिवाळ्यात राळेगावहून संध्याकाळी येणारी एसटी बंद झाली. माझी धाकटी बहीण तिथं अकरावीला आहे. आता तिला फाट्यावर उतरून कपाशीच्या वावरांमधून अंधारात चालत यावं लागतं. आईनं सांगून टाकलं, जयंतीपर्यंत बस आली नाही तर कॉलेज बंद. बैठकीत ओळ ठरायला वेळ लागला नाही: 'संध्याकाळची बस परत द्या.'

चुना भिजत घातला आणि फाउंडेशनचा समन्वयक येऊन पोचला. सालस मुलगा, चपला बाहेर काढून बसला.

"ताई, ही आता कलाकृती आहे. प्रदर्शन पुढं मुंबईत यायचंय. तोवर मूळ भिंत जशीच्या तशी राहायला हवी. ट्रस्टी तुम्हाला अभ्यासिका बांधून देताहेत."

"पोरगी घरी बसली त अभ्यासिकेत कोन बसन? बकऱ्या?" आई म्हणाली.

"काकू, दुसऱ्या भिंतीवर लिहा ना. रंग आम्ही देतो."

"दुसऱ्या भिंतीकडे पाहुन्याची पाठ राह्यते, बापा," मोठी आई म्हणाली.

अभ्यासिका मलाही हवी होती. कॉलेजात असल्यापासून मी तिच्यासाठी निवेदनं देत आले आहे. समोर आलेली अभ्यासिका नाकारायची कशी, आणि घेतली तर बहिणीला काय सांगायचं? मी अंगणातून विहारापर्यंत आणि विहारापासून अंगणापर्यंत फेऱ्या घालत राहिले. शेवटी चित्रकार बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी दरवर्षी पुसली जाणारी भिंत रंगवली होती. हे मी फाउंडेशनला तेव्हाच कळवलं होतं. आता पुन्हा कळवते." त्यांच्या पत्राला अजून उत्तर नाही.

बैठक पुन्हा बसली. चुना मारायचं ठरलं, अभ्यासिका मिळो न मिळो.

पण चुना भिंतीवर टिकेना. लेपावरून तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा ओघळून खाली आला. मग विटांचे तुकडे घेऊन आम्ही लेप घासायला लागलो, आणि लेपाबरोबर घागरी निघायला लागल्या. शेजारच्या काकू आपल्या घागरीपाशी थांबल्या.

"माही राहू द्या न वो. एवढी चांगली निंगाली होती."

त्यांची घागर कोपऱ्यात होती, ती तेवढी राहिली.

समन्वयक मुलगा गेला नव्हता. मोठ्या आईनं पहिलं अक्षर काढलं तेव्हा त्यानं विचारलं, "मी एक फोटो काढू?"

"काढ न. पन तिथं बसून काढ," मोठी आई म्हणाली आणि तिनं स्टेजच्या जागी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे ब्रश रोखला. तो जाऊन बसला. ओळ पुरी होईपर्यंत तिनं त्याला उठू दिलं नाही.

जयंती तोंडावर आली आहे. बस आलेली नाही. बहीण अजून फाट्यावरून चालत येते, आणि ती दिसेपर्यंत मी दारातून हलत नाही.

तुम्ही मुंबईला ते प्रदर्शन बघायला जाल. घागरींच्या छायाचित्रापाशी उभे राहाल तेव्हा तिथल्या माणसाला विचारा, या भिंतीवर आज काय लिहिलंय? त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. आणि अभिप्रायाच्या वहीत चित्राची तारीफ करण्याआधी तीच ओळ लिहा: संध्याकाळची बस परत द्या.