गुडघ्यांवरची गोधडी

मी एकदा आमच्या ह्यांना टेंभुर्णीला पाठवलं. त्यांना यायचं होतं सोलापूरला, घरी, माझ्याकडे. आणि हे मी प्रेमापोटी केलं, ते सांगायलाच जास्त लाज वाटते.

तेव्हा मी सतरा वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. सासू-सासरे माळशिरसला शेतीवर. आम्ही दोघंच शहराबाहेर एका पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत. हे एका लहानशा हवाई कंपनीत वैमानिक होते. कंपनी म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक, एक मिस्त्री आणि एक साहेब. संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीनं टपालाच्या पिशव्या, औषधांची खोकी, सिनेमाच्या रिळांचे डबे यायचे. ते रात्री हैदराबादला पोचवायचे आणि तिकडचं टपाल घेऊन उजाडायच्या आत परतायचं. हे सगळ्यांत नवे, म्हणून रात्री ह्यांच्या वाट्याला. दिवस जुन्यांना.

बायका म्हणायच्या, तुझा नवरा आभाळात फिरतोय, तुझी लई मजा की. मजा अशी, की हे पहाटे यायचे, भाकरी खाऊन झोपायचे, आणि दिवसभर मी भांड्याला भांडं लागू द्यायचे नाही. ऊन उतरलं की हे उठून विमानाच्या मैदानाकडे निघायचे. नऊच्या सुमाराला विमान आमच्या पत्र्यावरून जायचं. मी अंगणात उभी राहून आवाज ऐकायचे. आवाज संपल्यावरही ऐकत राहायचे. मग आत येऊन तव्याशी बोलायचे. तवा चांगला होता, मधे बोलायचा नाही. एका रात्री तर मी दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली, ह्यांना आग्रह केला आणि ह्यांचं ताटही मीच संपवलं.

वर फार गारठा असतो, गुडघे आखडतात, असं हे एकदा म्हणाले आणि मला काम मिळालं. जुन्या लुगड्यांची एक आखूड गोधडी शिवायला घेतली. विमान गेलं की सुई हातात. महिना लागला. टाके असे, की वरून कोंबडी चालत गेली असावी.

शेजारी विणकरांचं घर होतं. तिथली म्हातारी घरात तेलुगूत भांडायची आणि मला मराठीत सल्ले द्यायची. तिनं सांगितलं, रात्री फिरणाऱ्या माणसाजवळ लोखंड पाहिजे, म्हणजे भुतंखेतं जवळ येत नाहीत. मला वाटलं, जमिनीवर चालणाऱ्याला लोखंड लागतं, मग हे तर भुतांच्या अंगणातूनच जातात. टांगेवाल्याकडून घोड्याचा एक झिजलेला नाल मागून आणला आणि गोधडीच्या आतल्या थरात शिवून टाकला. ह्यांना सांगितलं नाही. हसले असते.

गोधडी दिली त्या रात्री जाताना ह्यांनी ती मागे टपालावर टाकली. परतताना पहाटेची थंडी वाढली, तेव्हा गुडघ्यांवर घेतली. आता विमानातलं होकायंत्र असतं गुडघ्यांच्या पुढ्यातच, हे मला कोण सांगणार? अंधारात खाली काही दिसत नाही, सुई दाखवील तीच वाट. आणि सुई माझ्या नालाच्या नादी लागली.

पहाट झाली, गिरणीचा भोंगा झाला, ह्यांचा पत्ता नाही. भाकरी गार झाली. ती मी गरम केली, पुन्हा गार झाली, पुन्हा गरम केली. शेवटी तिचं पार खापर झालं, तेव्हा मैदानावरून निरोप आला. टेंभुर्णीजवळच्या माळावर उतरलेत, जिवंत आहेत. सोलापूर बाजूला राहून गेलं होतं. उजाडल्यावर खाली भीमा दिसली तेव्हा चूक कळली, आणि तोवर पेट्रोल संपत आलेलं. उतरताना एक चाक मोडलं.

दिवेलागणीला हे मिस्त्रीच्या मोटारीतून आले. काखेत गोधडी. जेवताना सगळं सांगितलं. साहेबांचं म्हणणं, हे वर झोपी गेले. मिस्त्रीनं टेंभुर्णीला जाऊन होकायंत्र तपासलं, तर ते बिनचूक. म्हणजे चुकला तो माणूस. उद्या सकाळी बोलावलंय, नोकरी गेलीच समज, म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, की जवळ लोखंड असल्याशिवाय सुई ढळत नाही, आणि लोखंड तर कुठंच नव्हतं.

मला नाल आठवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सात महिन्यांत हे पहिल्यांदा रात्री घरी होते, आणि नोकरी गेली तर रोजच असतील, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला लिहू, आलं.

नऊ वाजता पत्र्यावरून दुसरं विमान गेलं. हे उठून अंगणात गेले. आवाज संपल्यावरही तिथंच उभे राहिले. ते तसं उभं राहणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

सकाळी ह्यांच्या मागोमाग मैदानावर गेले, गोधडी घेऊन. ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि तिथंच दातांनी टाके उसवले. नाल खणकन पडला. मिस्त्रीनं कपाटातलं दुसरं होकायंत्र आणून जवळ धरलं, सुई वळली. लांब नेलं, सरळ झाली. साहेबांनी ते तीनदा करायला लावलं. मग ह्यांना म्हणाले, सोमवारी कामावर या, आणि बाईंचं शिवणकाम विमानापासून शंभर पावलं लांब ठेवा. मिस्त्री हसायला भिंतीकडे वळला.

घरापर्यंत हे पुढं, मी मागं. नाल त्यांच्या खिशात, पावलागणिक किल्ल्यांवर वाजत होता. दारात आल्यावर मी विचारलं, फार रागावलात का. ह्यांनी नाल काढून माझ्या हातावर ठेवला.

"हा तुझ्या उशाखाली ठेव. रात्रभर एकटी तू असतीस. मला वर इंजिनाची तरी सोबत असतीय."