यादीत नसलेली पायरी

आमच्या सेक्शनमध्ये त्यांना सगळे मौनीबाबा म्हणायचे. अर्थात पाठीमागे. मी मात्र एकदा कामाच्या नादात त्यांच्या तोंडावरच म्हणून गेले, "मौनीबाबा, जरा ती खिडकी लावा हो." त्यांनी उठून खिडकी लावली आणि परत जागेवर जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी माफी मागायला गेले तर म्हणाले, "चालतं." झालं, त्या दिवसाचा कोटा संपला.

वय बावन्न, अंगाने काटकुळे. मशीनच्या खोलीत थंडी फार, म्हणून बारा महिने स्वेटर. एक करडा, एक तपकिरी, तिसरा मी कधी पाहिला नाही. ड्रॉवरमध्ये एक जुना टूथब्रश, कीबोर्डच्या फटी साफ करायला, आणि एक पिवळं फडकं. आधी अठरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. ते बंद पडलं तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले, विशीतल्या मुलांमध्ये, पहिल्या बाकावर. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. ते स्वतः कशाला सांगतील?

मी मात्र तोंडाळ, आणि रागीटही. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात माझं काम एकच, नवी मशीन तयार करायची. मशीन म्हणजे उचलून टेबलावर ठेवायचं नव्हे. आमच्याकडे तीन मोठाले सर्व्हर आहेत. त्यांच्या पोटात जागा वाटून आणखी मशीन बनवतात, तीच ही व्हर्च्युअल मशीन. एक्स-रेवाल्यांना एक, रक्ततपासणीला एक, औषधांच्या दुकानाला एक. हात लावायला काही नाही, पण काम खऱ्यासारखंच करतात. बनवायला दोन मिनिटं लागतात. पण नवं बनलेलं मशीन अगदी कोरं. नाव नाही, पत्ता नाही, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला हाकलायचं हे माहीत नाही. ते सगळं शिकवायचं म्हणजे अठ्ठावन्न पायऱ्या. माझ्या अक्षरातली यादी भिंतीवर टाचलेली होती. एका मशीनला साडेतीन तास. मध्येच कोणी हाक मारली आणि एखादी पायरी सुटली, तर तीन आठवड्यांनी कुठल्यातरी वॉर्डातून बोंब यायची.

साहेब म्हणायचे, "मॅडमच्या हाताला गुण आहे." मीही फुगून जायचे. खोटं कशाला बोलू?

मग गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

माझे बाबा एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली बस कधी सुटली, कधी आली, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. बस बरोबर आली की शेरा एकच, 'वेळेवर'. घरीसुद्धा त्यांच्याकडे कौतुकाचा तेवढाच एक शब्द. मी पहिली आले तरी 'वा' नाही, 'शाब्बास' नाही. पण शाळेतून ठरल्या वेळी दारात उभी राहिले की मनगटाकडे बघून म्हणायचे, "वेळेवर." मला तेवढं दिवसभर पुरायचं. झटक्यानंतर या माणसाकडे एकच शब्द उरला, 'नाही'. भूक लागली? नाही. पाणी? नाही. आणि हात मात्र ग्लासाकडे.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी सहाला घरच्या माणसाने अर्धा तास सराव घ्यायचा. त्यानंतर ते थकतात, मग उपयोग नाही. आणि पहिलं वर्ष महत्त्वाचं, बोलणं परत यायचं ते बहुतेक त्यातच. घरची माणसं म्हणजे मीच. दिवसभर एक बाई असायची, पण सरावाला बाबांना मीच लागायचे. त्या बाईंनी सरावाची चित्रं पुढे धरली की ते तोंड फिरवायचे.

आणि नव्या मशीनच्या मागणीची चिठ्ठी दुपारी चारलाच यायची. चारलाच! सकाळभर त्या लोकांना काय झोपा लागायच्या देव जाणे, आणि मशीन मात्र त्याच दिवशी हवं. चार अधिक साडेतीन म्हणजे साडेसात. मी घरी पोचायची तेव्हा बाबा खुर्चीत, मान कलती, समोर भिंतीवरचं घड्याळ. सात महिने असे गेले. आठवड्यातून दोन दिवस सराव झाला तर नशीब.

एकदा अशीच चारची चिठ्ठी आली आणि मी फोनवर कोणावर तरी इतकी ओरडले की पलीकडच्याने फोनच ठेवला. मौनीबाबा आपलं स्टूल घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ताई, हे सगळं मशीनने स्वतःचं स्वतः केलं तर?"

"म्हणजे मी माशा मारत बसू?" मी म्हटलं. "एवढंच राहिलं होतं!"

ते स्टूल उचलून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टूल, पुन्हा माझ्या टेबलाशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "इथे यायच्या आधी दुसऱ्या हॉस्पिटलात मी हेच काम करायचो. मोजणी चुकू नये म्हणून फोन बंद ठेवायचो. माझी आई गेली तेव्हा मी चौतिसाव्या पायरीवर होतो."

त्यांनी हे हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मी उठले, भिंतीवरची यादी टाचण्यांसकट काढली आणि त्यांच्या हातात दिली.

पुढचे सहा आठवडे रोज जेवणाआधी तासभर मी बोलायची आणि ते लिहायचे. प्रत्येक पायरीला विचारायचे, "का?" मला या 'का'चा भयंकर राग यायचा. "का म्हणजे? असंच असतं!" पण तो माणूस काही हलायचा नाही. शेवटी त्यातल्या अकरा पायऱ्या निव्वळ फुकटच्या निघाल्या. एक तर अशा प्रिंटरसाठी होती, जो चार वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. चार वर्षं मी त्या मेलेल्या प्रिंटरची सेवा करत होते! मौनीबाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

राहिलेल्या सत्तेचाळीस पायऱ्या त्यांनी मशीनला कळतील अशा भाषेत लिहून काढल्या. नवं मशीन पहिल्यांदा डोळे उघडतं तेव्हा आधी हा कागद वाचणार, त्याप्रमाणे सगळं करणार, आणि पुन्हा कधी त्या कागदाकडे बघणार नाही. पहिल्या दिवशी अकरा मिनिटांत मशीन तयार झालं. मी पेन्सिल घेऊन एकेक गोष्ट तपासली, चूक सापडावी म्हणून अगदी डोळ्यांत तेल घालून. सापडली नाही. दुसरंही झालं. तिसरं मात्र अडलं. सगळ्या मशीनना ओळख पटवून आत घेणारा आमचा मुख्य सर्व्हर त्याला ओळखच दाखवेना, दारातूनच परत पाठवी. चौथं झालं, पाचवं पुन्हा अडलं. कागद तोच, मुख्य सर्व्हर तोच, आणि कधी होतंय, कधी नाही.

मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. "बघा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हाताचं काम ते हाताचं!"

साहेबांनीही मान डोलावली. "जाऊ द्या हे. पुढच्या महिन्यात नवी इमारत सुरू होतेय, एकदम वीस मशीन लागतील. मॅडम करतील हाताने."

वीस. मी मनातल्या मनात साडेतीनला विसाने गुणलं आणि माझा आनंद जागच्या जागी थिजला. म्हणजे बाबांचा दहावा महिनाही गेला. कुठल्या तोंडाने मी टाळ्या पिटत होते?

मौनीबाबांनी वाद घातला नाही. फक्त मला म्हणाले, "ताई, उद्या एक मशीन हाताने करा. मी मागे बसतो. बोलू नका, नुसतं करा."

दुसऱ्या दिवशी ते स्टूल टाकून माझ्या मागे बसले. मी खुर्ची ओढली, मशीन उघडलं, यादी पुढ्यात घेतली.

"थांबा," ते म्हणाले. "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? अजून सुरू कुठे केलंय!"

"डाव्या मनगटाकडे बघितलंत. मग दोन बोटांनी काहीतरी टाइप केलंत. मग यादी घेतलीत."

मला खरंच आठवेना. स्क्रीनवर बघितलं तेव्हा कळलं. "अहो, घड्याळ लावलं. मशीनची वेळ बरोबर केली."

"यादीत नाही."

"यादीत कशाला पाहिजे? कामाला बसायच्या आधी घड्याळ कोण लावत नाही?"

"मी नाही लावत," मौनीबाबा म्हणाले. "कोणीच नाही लावत, ताई."

मग त्यांनी धडाधड शोधलं. आमच्या तीन मोठ्या सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. नवं मशीन त्याच्या पोटात बनलं की तेही सतरा मिनिटं मागे. आणि मुख्य सर्व्हरचा नियम असा की पाच मिनिटांहून जास्त फरक असला की तो कोणाला आत घेत नाही. उरलेल्या दोघांच्या पोटात बनलेली मशीन सुखरूप. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. माझ्या हातून कधी अडलं नाही, कारण माझा हात आधी घड्याळाकडे जायचा. गुण होता हातात, पण कसला ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी हात त्यांच्यापुढे धरला. माझ्या मनगटावर बाबांचंच घड्याळ होतं, पट्ट्याला जास्तीची दोन भोकं पाडलेलं. सुट्टीच्या दिवशी ते मला डेपोत न्यायचे. खुर्चीत बसायच्या आधी मनगट बघायचं, भिंतीवरचं घड्याळ बघायचं, दोन्ही जुळवायची, मगच रजिस्टर उघडायचं. चहा आला तरी थांब म्हणायचे. मी सात-आठ वर्षांची, शेजारी स्टुलावर पाय हलवत बसलेली. त्यांनी मला एका शब्दाने कधी शिकवलं नाही. ते सगळं मौनीबाबांना सांगता सांगता मला रडू फुटलं. त्यांची जी तारांबळ उडाली! घाईघाईत त्यांनी कीबोर्ड पुसायचं पिवळं फडकंच माझ्या हातात दिलं. मी त्यानेच डोळे पुसले.

त्या सर्व्हरचं घड्याळ आम्ही दुरुस्त करून घेतलं, पण पायरी घातलीच, सगळ्यांत वर. प्रत्येक पायरी झाली की तिचं नाव स्क्रीनवर उमटतं. या पहिल्या पायरीला त्यांनी नाव दिलं, 'बाबांचं घड्याळ'.

"अहो, साहेब वाचतील ना!"

"वाचू देत," मौनीबाबा म्हणाले.

वीस मशीनची चिठ्ठी आली, अर्थातच चारला. मी बटण दाबलं. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी यायला लागल्या. बाबांचं घड्याळ, झालं. बाबांचं घड्याळ, झालं. असं वीस वेळा. मग बाकीच्या पायऱ्या, भराभरा. पाचच्या आत विसाच्या वीस तयार! मी तपासायला पेन्सिल उचलली तर त्यांनी ती काढून घेतली.

"निघा तुम्ही. तपासायला मी आहे."

त्या दिवशी मी पावणेसहाला घरी. बाईंना वाटलं, माझी तब्येत बिघडली. बाबांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्यासमोर बसले आणि चित्रांचा गठ्ठा काढला. कप. "नाही." खिडकी. "नाही." चप्पल. "नाही." पण तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला मी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांना मी ती पायरीही सांगितली, की तुमच्या नावाने आता हॉस्पिटलातली मशीन उठतात. कळलं की नाही ते त्यांनाच माहीत. डावा हात मात्र माझ्या मनगटावरच्या घड्याळावर ठेवून बसले होते.

पाच आठवडे गेले. 'नाही'च्या पुढे गाडी सरकेना. मी चिडायची, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी सहाला परत बसायची.

मग एका संध्याकाळी मी दार उघडून आत आले, पिशवी अजून खांद्याला. बाबांनी घड्याळ बघितलं. ओठ हलले. मी म्हटलं, झालं, आता 'नाही' येणार.

"वे," ते म्हणाले. थांबले. घामाघूम झाले. "वेळेवर."

मी पिशवी तिथेच टाकली. काय काय बोलले, कितीदा त्यांचा हात कपाळाला लावला, आठवत नाही. पण भानावर आल्यावर पहिला फोन मी मौनीबाबांना लावला. एका दमात सगळं सांगितलं, उपकार कसे फेडू म्हटलं, आणखीही काहीबाही म्हटलं. पलीकडून चकार शब्द नाही. मला वाटलं फोनच कट झाला. मग कळलं, फोन कट नाही झाला, माणूस नाक ओढतोय.

फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या तोंडाशी धरला. "बाबा, ज्यांच्यामुळे मी सहाला घरी येते ना, ते आहेत. त्यांना म्हणा."

बाबांनी फोनकडे बघितलं. रजिस्टरवर शेरा मारताना व्हायचा तसा चेहरा झाला त्यांचा. एकेक अक्षर उचलून म्हणाले, "वेळे. वर."

पलीकडे जोरात नाक शिंकरल्याचा आवाज झाला.

"हो काका," मग मौनीबाबांचा आवाज आला. "या खेपेला पोचलो."