लियाकतभाऊंची परवानगी

लियाकतभाऊंची गोष्ट सांगायची तर माझ्या तोंडापासूनच सुरुवात करावी लागते. ते तोंड मी त्या दिवशी बंद ठेवलं असतं, तर कदाचित काहीच झालं नसतं. किंवा झालं असतं, पण माझ्यामुळे नसतं झालं.

भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत आमची क्वार्टरं शेजारी शेजारी होती. ते इलेक्ट्रिशियन, मी स्टोअरला. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची पंधरा वर्षं झालेली. कोणाचा कूलर बंद पडला, कोणाची मोटर पाणी उचलेना, की हाक त्यांनाच. नुसती वायरच नाही, कागदही त्यांच्याकडेच जायचा. बदलीचा अर्ज असो की रजेचा, इंग्रजीतलं सरकारी वाक्य त्यांच्या हातून अगदी सरळ उतरायचं. माणूस दहावी शिकलेला, पण साहेबसुद्धा विचारायचे, "लियाकत, हे कसं लिहू?" वसाहतीत त्यांना माहीत नाही अशी गोष्टच नव्हती.

त्यांची एकुलती मुलगी जोया. नागपूरला शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि ताबिशशी लग्न होऊन मलेशियाला गेली. ताबिश तिथे एका कंपनीत होता. दरवर्षी मे महिना जवळ आला की जोयाचा फोन यायचा. "अब्बा, पंधरा दिवस या ना. अम्मीला समुद्र दाखवते."

शकिलाभाभींनी समुद्र पाहिलेला नव्हता. नागपूरच्या पलीकडेच त्या फार गेल्या नव्हत्या. पण त्यांची तयारी इतकी, की जोया गेली त्याच वर्षी त्यांनी मागे लागून दोघांचे पासपोर्ट काढून घेतले. प्रिया, म्हणजे माझी बायको, आणि त्या दुपारी बसून परदेशी जाताना कोणतं लोणचं नेता येतं यावर बोलायच्या.

पण भाऊ जात नव्हते. कारखान्यात आम्ही विचारलं की म्हणायचे, "आमचं असं असते सुनिल, पहिला परदेश म्हणजे मक्का. आधी तिथी हजेरी, मग बाकी मौज." हे ऐकल्यावर कोण काय बोलणार? आम्ही मान डोलवायचो. वसाहतीत तेव्हा परदेशाची हवा सुरू झाली होती. नागपूरहून सहली निघायच्या, लोक आठ दिवस थायलंड करून यायचे आणि फ्रिजला चिकटवायचे हत्ती वाटायचे. कोणी पोरांसाठी जायचं, कोणी साडूभाऊ जाऊन आला म्हणून जायचं. मी आणि प्रियाही गेलो, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. सरकारी नोकरी, म्हणून जायच्या आधी कार्यालयाची परवानगी लागते. त्या परवानगीचा अर्ज मला लिहून दिला तो लियाकतभाऊंनीच. वीस दिवसांत परवानगी आली.

मग करोना आला आणि दोन वर्षं कोणीच कुठे गेलं नाही. त्यानंतर जोयाला दिवस गेले. सातव्या महिन्यापासून ती आईला बोलवत होती. भाभी गेल्या नाहीत. बाळंतपण तिथेच झालं. शेजारची एक तमिळ बाई रोज डबा घेऊन यायची, तिनेच बाळाला पहिली अंघोळ घातली. भाभींना हे जोयाने फोनवर सांगितलं, आणि भाभींनी प्रियाला. सांगताना भाभी त्या बाईला दुवा देत होत्या, पण डोळे पुसत होत्या.

बाळाचं नाव इकरा. ती दोन वर्षांची झाल्यावर जोया तिला घेऊन आली. चार दिवस ती पोर नानीकडे गेली नाही. भाभी हात पुढे करायच्या आणि ती आईच्या ओढणीत तोंड लपवायची.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या तारखेला भाऊ निवृत्त झाले. दुपारी त्यांच्या क्वार्टरसमोर मांडव घातला होता. जेवणं चालली होती. लोक नको नको म्हणत असतानाही भाऊ स्वतः जर्द्याचं, म्हणजे गोड केशरी भाताचं, भांडं घेऊन वाढत फिरत होते. मी मजेत होतो. भाभी जवळ आल्या तेव्हा म्हणालो, "भाभी, आता तरी जा मलेशियाले. आता काय अडचण आहे?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "जाऊ ना आता. आता कोणाची परवानगी लागत नाई. इतके वर्ष जोयाच्या अब्बांनं अर्ज केला, अन् ऑफिसनं दरवेळी नाईच म्हटलं."

मी विचार न करता बोललो. "नाई कसं म्हणंन ऑफिस? आमाले तर वीस दिवसात भेटली. भाऊनंच अर्ज लिहून देल्ला होता."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. भाऊ तिथेच उभे होते, पळीतला जर्दा कोणाच्या तरी ताटावर धरून. ताटवाला "बस, बस" म्हणत होता आणि भाऊंना ऐकू येत नव्हतं. पंगतीतली चार-पाच माणसं वर पाहायला लागली.

भाभी लगेच म्हणाल्या, "याइचं काम जोखमीचं ना सुनिलभाऊ. स्टोअरवाल्याले सोडतात, लाईटवाल्याले कसे सोडतीन?" सगळे हसले. भाऊही हसले.

घरी आल्यावर प्रिया मला म्हणाली, "तुमाले कोणी सांगतलं होतं बोलाले?"

आठ दिवसांनी भाऊ आमच्या दारात आले. मला वाटलं, रागावतील. मी आधीच माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं आणि खुर्चीत बसले.

"तुहा काई दोष नाई. शकिला आठ दिवसापासून माह्याशी बोलते, जेव म्हणते, चहा देते. पण ते काई विचारत नाई. विचारलं असतं तर बरं होतं."

"भाऊ, पण काऊन? हजचं मनात होतं तर भाभीले तसंच सांगाचं ना."

"हजचं मी तुमाले सांगत होतो. तिले सांगतलं असतं तर ते म्हणली असती, चला, आधी छोटी हज, उमरा करू. मग? मले भेव वाटत होतं सुनिल."

"विमानाचं?"

"नाई रे. पासपोर्ट काढाले गेलो होतो ना नागपूरले, तिथी माह्ये बोटंच उमटेना मशीनवर. तीस वर्षं तार सोलून सोलून घासलेले. ते पोरगी, जोयापेक्षा लहान, म्हणे काका पुन्हा ठेवा, काका दाबून ठेवा. मागं रांग. मंग म्हणे, आता त्या खिडकीवर जा. मी भलत्याच खिडकीवर गेलो. शकिला मले हाताले धरून घेऊन आली. तिचं सारं पाच मिन्टात झालं होतं. मले वाटलं, नागपुरात हे हाल, तर तिथी काय? इथी लोक मले विचारतात. तिथी मी साऱ्याइले विचारत फिरंन, अन् ताबिश पाहीन, माहा सासरा असा आहे."

"म्हणून अर्जच नाई केला?"

"केला. लिहिला. तीनदा लिहिला. साहेबाच्या टेबलावर ठेवाले हात नाई झाला." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "करोना आला तेव्हा मले बरं वाटलं, तुले सांगतो. लोक मरून राह्यले होते अन् मले वाटे, चला, यंदा खोटं बोलावं लागणार नाई. अन् जोयाच्या बाळंतपणाले शकिला म्हणे, मी एकटी जातो. मी म्हटलं, एकटी कशी जाशीन. ते गेली असती सुनिल. ते आरामात गेली असती."

मी त्यांना म्हणालो, हे सगळं भाभींना सांगा. दुसरं काय म्हणणार? त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

पुढचं मला प्रियाकडून कळलं. भाभी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भेव वाटत होतं तर तेच सांगाचं होतं. मले नव्हतं वाटत काय? दोघं मिळून भ्यालो असतो." आणि मग म्हणाल्या, "समुद्र कुठी जात नाई. पण माही पोरगी तिथी एकटी बाळंत झाली, ते मले आता कोण आणून देईन?" भाऊंनी त्यांचे पाय धरले म्हणे. त्यांनी पाय मागे घेतले आणि भांडी घासायला गेल्या.

मे महिन्यात भाभी मलेशियाला गेल्या. एकट्या. जोयाला त्यांनीच सांगितलं, एकच तिकीट काढ. भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही मंग या." भाऊंनी "बरं" म्हटलं. विमानतळावर सोडायला मीही गेलो होतो. काचेच्या दारातून भाभी आत गेल्या, एका पोलिसाला काही विचारलं, त्याने हात दाखवला तिकडे बॅग ओढत चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. भाऊ काचेला लागून उभे होते, त्या दिसेनाशा झाल्या तरी.

तो महिना त्यांनी कसा काढला ते मी पाहिलं. क्वार्टर सोडून ते गावातल्या घरात राहायला गेले होते. मी गेलो की खिचडी नाहीतर अंडी, तेवढंच शिजवलेलं असायचं. आम्ही जेवायला बोलवायचो, तर यायचे नाहीत. म्हणायचे, "तिनं दहा वर्षं वाट पाह्यली, मले तीस दिवस नाई होत?" एकदा त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. भाभी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, सलवार वर धरलेली, आणि इतक्या हसत होत्या की ओळखू येत नव्हत्या. मी म्हणालो, "किती खूश आहेत." ते म्हणाले, "हो. हे मी अडवून ठेवलं होतं."

भाभी परत आल्या. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि भाऊंनी काढला तर "झालं ते" म्हणून सोडून दिला. माफ केलं की नाही, ते प्रियालाही कळलेलं नाही. डिसेंबरात मात्र दोघंही गेले, बारा दिवसांसाठी. या वेळी भाभींनीच तिकिटं काढायला लावली.

आल्यावर भाऊ आमच्याकडे मिठाई घेऊन आले. मी विचारलं, "मंग? कसं वाटलं?"

"चांगलं आहे. विचारा, लोक सांगतात. नाई समजलं, तर पुन्हा विचारा. ताबिशच मले सारं दाखवत होता. मोठा गुणी पोरगा आहे." मग मिठाईचा डबा उगाच सरळ करत म्हणाले, "ज्याचं भेव वाटत होतं ना सुनिल, ते एवढंसं निघालं. तेच सहन होत नाई. मोठं असतं तर म्हटलं असतं, काई इलाज नव्हता."

प्रियाने चहा विचारला. ते म्हणाले, "नको बाई, शकिलाले दवाखान्यात घेऊन जाचं आहे, तिचे गुडघे दुखून राह्यले," आणि चपला घालून निघाले.